न दिसणाऱ्या लुकलुकीची तपासणी

टीव्हीच्या रिमोटचे बटण दाबले की टोकाचा एलईडी डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश सोडतो. त्याची तरंगलांबी बहुधा ९४० नॅनोमीटर असते. हा प्रकाश सेकंदाला सुमारे ३८ हजार वेळा लुकलुकतो, म्हणून समोरच्या ग्राहक चिपला तो उन्हातून आणि दिव्यांच्या उजेडातून निवडून काढता येतो. बऱ्याच रिमोटमध्ये वापरल्या जाणाऱ्या एनईसी पद्धतीत संदेशाची नांदी ९ मिलिसेकंदांची लुकलुक आणि ४.५ मिलिसेकंदांचा अंधार अशी असते. पुढे ३२ बिट येतात. प्रत्येक बिटची लुकलुक सारखीच, सुमारे ५६२ मायक्रोसेकंदांची; शून्य की एक, हे तिच्या मागोमाग येणाऱ्या अंधाराच्या लांबीवरून कळते. उपकरणातल्या छोट्या संगणकावर हे काळ मोजून बटण ओळखण्याचे काम ड्रायव्हर नावाची आज्ञावली करते.

ड्रायव्हरची चाचणी लावताना पहिली पायरी प्रकाशाविना असलेली बरी. लिनक्समध्ये 'आरसी-लूपबॅक' नावाचा नकली ड्रायव्हर असतो. तो पाठवलेला संदेश स्वतःच परत वाचतो. इथेच गडबड निघाली तर सोल्डरिंगला दोष देण्यात अर्थ नाही.

मग ग्राहक चिप जोडायची. जुन्या टीएसओपी १७३८ ला ५ व्होल्ट लागतात, तर रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणक-बोर्डाच्या पिना ३.३ व्होल्टच्या, त्यामुळे २.५ व्होल्टपासून चालणारी टीएसओपी ३८२३८ सोयीची. मात्र दोन्हींच्या पायांचा क्रम वेगळा आहे, आणि जुन्या सवयीने तारा जोडल्या की चिप तापते. या चिपचे आउटपुट एरवी वर असते आणि लुकलुक दिसताच खाली येते. हा उलटा स्वभाव ड्रायव्हरला सांगितला नसेल, तर लुकलुकीच्या जागी अंधार वाचला जातो आणि एकही बटण ओळखले जात नाही.

आता 'आयआर-सीटीएल' ही आज्ञा देऊन कच्चे आकडे पाहायचे. पडद्यावर +९०१५ −४४८० +५९० −५४० अशी रांग उमटते. अधिक म्हणजे लुकलुक, उणे म्हणजे अंधार. आकडे नेमके ५६२ येत नाहीत, कारण ग्राहक चिप स्वतःच लुकलुक थोडी ताणते किंवा आखडते. तेवढी चूक ड्रायव्हरमागच्या, बटण ओळखणाऱ्या डीकोडरला पचते. आकडे ठीक दिसूनही बटण ओळखले जात नसेल, तर 'आयआर-कीटेबल'मध्ये एनईसी पद्धत सुरू केली आहे का, ते आधी पाहावे. पुष्कळदा घोळ एवढाच असतो.

पाठवणाऱ्या बाजूची, म्हणजे बोर्डच एलईडी लुकलुकवून संदेश सोडतो तेव्हाची, तपासणी जास्त फसवी. मोबाइलच्या कॅमेऱ्यात एलईडी जांभळट चमकताना दिसला म्हणजे तो पेटतो, एवढेच कळते. एकाच बोर्डावरून पाठवून त्याच बोर्डावर वाचले, तर घड्याळाची चूक दोन्हीकडे सारखीच पडते आणि झाकली जाते. शिवाय ३८ ऐवजी ३६ हजारांची लुकलुक वीतभर अंतरावर बिनतक्रार चालते. खोलीच्या दुसऱ्या टोकाला मात्र दगा देते. म्हणून लॉजिक अॅनालायझर थेट पिनेवर लावावा आणि लुकलुकीचे एक आवर्तन २६.३ मायक्रोसेकंदांचे भरते का, ते मोजावे.

खरी कसोटी बोर्ड कामात बुडालेला असताना लागते. तोच कोड हजार वेळा पाठवायचा आणि दुसऱ्या बोर्डावर किती ओळखले गेले ते मोजायचे. आधी शांततेत, मग मेमरी कार्डावर मोठी फाइल उतरत असताना. पाठवण्याच्या साध्या जीपीआयओ ड्रायव्हरमध्ये प्रोसेसरला दर १३ मायक्रोसेकंदांनी पिन उलटवावी लागते, त्यामुळे जरा अडखळले की लुकलुक फाटते. पीडब्ल्यूएम ड्रायव्हरमध्ये ते काम स्वतंत्र सर्किट करते. पण लुकलुक कधी सुरू करायची आणि कधी थांबवायची, याची वेळ बहुतेकदा सॉफ्टवेअरच सांभाळते. त्यामुळे हजारांची मोजणी त्यालाही चुकत नाही.