येडगावचा विद्यार्थी आणि वर्षाचा हिशेब

कॉलेजच्या मुलांना पैशांचे नियोजन शिकवणारी बहुतेक पुस्तके एक तारखेला पगार येणारे घर गृहीत धरतात. जुन्नर तालुक्यातल्या येडगावात बरीच घरे तशी नाहीत. कुकडी नदीच्या पाण्यावर चालणाऱ्या इथल्या शेतीत दुधाचा पगार दहा-पंधरा दिवसांनी होतो, टोमॅटोच्या विक्रीची पट्टी हंगामात मिळते आणि उसाची उचल गाळप सुरू झाल्यावर येते. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाने 14 दिवसांत पैसे देणे कारखान्यांवर बंधनकारक केले आहे; पण ऊस तुटणार कधी, हे ऊसतोड टोळीवर ठरते. त्यामुळे इथल्या विद्यार्थ्याने महिन्याच्या हिशेबाआधी वर्षाचा हिशेब मांडावा.

खर्चाचेही हंगाम असतात. पुण्यात कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलाचे उदाहरण घेऊ. समजा कॉटचे 3,000, मेसचे 3,500 आणि वरखर्चाला 1,500 रुपये लागतात. महिन्याला 8,000 म्हणजे दहा महिन्यांचे 80,000 झाले. जूनमध्ये मात्र दोन महिन्यांचे डिपॉझिट 6,000 आणि गादी, बादली, पुस्तकांचे 4,000 वर पडतात. म्हणजे पहिल्याच महिन्यात 18,000 हवेत, फी वेगळीच. नेमका तेव्हाच घरचा पैसा खत, रोपे आणि मजुरीत अडकलेला असतो. कर्ज काढण्याची वेळ येते ती बहुधा या जूनमुळे. उसाचे पैसे आले की फी आणि डिपॉझिटची रक्कम लगेच बाजूला काढून चार-पाच महिन्यांच्या मुदत ठेवीत टाकली, तर ती जूनपर्यंत शाबूत राहते.

मेस आणि खोलीभाडे दुधाच्या पगारावर बसवावे. दुधाचा दरही घसरतो, पण पगार सहसा चुकत नाही. टोमॅटोच्या पैशावर मात्र कोणताही ठरलेला खर्च बांधू नये. जुलै 2023 मध्ये नारायणगावच्या बाजारात 20 किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव मिळाला आणि दोनच महिन्यांत तो कोसळला. तेजीत घेतलेल्या मोबाईलचे हप्ते मंदीत कमी होत नाहीत. चांगली पट्टी मिळाली, तर ती पुढच्या वर्षासाठी शिल्लक समजावी.

वरखर्चात पैसे गळतात ते चहा, वडापाव आणि मोबाईल रिचार्जमध्ये. स्कॅन करून वीस-तीस रुपये दिले की ते गेल्यासारखे वाटत नाहीत. आठवड्याचे पैसे वेगळ्या खात्यात टाकून फक्त तेच यूपीआयला जोडणे हा रोज वही लिहिण्यापेक्षा टिकणारा उपाय. शनिवार-रविवार गावी जायचे असेल, तर मेसवाल्याला आधी सांगावे. काही ठिकाणी सलग ठरावीक दिवस सुट्टी असेल तरच खाडे धरून पैसे वजा करतात. तो नियम पैसे भरण्यापूर्वीच विचारून घ्यावा. येडगावात राहून नारायणगावच्या कॉलेजात ये-जा करणाऱ्याचे काम बरेच सोपे आहे. एसटीच्या पासावर विद्यार्थ्यांना 66.67 टक्के सवलत आहे आणि बारावीपर्यंत मुलींना पास मोफत मिळतो.

मदतीच्या योजना बऱ्याच आहेत. 2024-25 पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या पात्र घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार, तर आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयंम योजना आहे. आदिवासी विकासाचे प्रकल्प कार्यालय घोडेगावला आहे. राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरचा अर्ज वेळेत भरावा आणि आधारशी जोडलेले खाते चालू ठेवावे. पैसे मात्र खात्यात जमा होईपर्यंत हिशेबात धरू नयेत. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ‘कमवा व शिका’ योजनेत काम करून वरखर्च निघू शकतो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात 1947 मध्ये ही वाट घालून दिली.

तरीही पैसे कमी पडले, तर हातउसने घेऊन दुधाच्या पुढच्या पगाराला फेडावेत. पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्या ॲपच्या नादी लागू नये. थकलेला छोटा हप्ताही सिबिलमध्ये दिसतो आणि पुढे बँकेत आडवा येतो. मोठी फी असेल, तर शैक्षणिक कर्जाची चौकशी बँकेत करावी. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही. पालक मात्र सहकर्जदार असतात. परतफेड अभ्यासक्रम संपल्यानंतर एक वर्षाने सुरू होते, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढत असते. शिकत असतानाच ते भरत राहिल्यास पुढचा हप्ता बराच हलका होतो.