खुर्चीची पागडी

जालन्याच्या मोंढ्यातल्या व्यापाऱ्याला पागडी म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. सुरुवातीला मालकाला एकरकमी पैसे मोजायचे, मग माफक भाडे भरत वर्षानुवर्षे गाळा चालवायचा, आणि सोडायची वेळ आली की नव्या भाडेकरूकडून पागडी घेऊन त्यातला वाटा मालकाच्या हातावर ठेवायचा. जागा आपली नसते, पण जागेवरच्या हक्काला बाजारात भाव असतो. अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये गेली तीस वर्षे असाच व्यवहार मैदानातल्या खुर्च्यांवर चालतो. हा फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून, चेंडू हातात धरून पळण्याचा खेळ. तिथे या हक्काला ‘पर्सनल सीट लायसन्स’ म्हणतात. एकदा हजारो डॉलर भरले की ठरावीक खुर्चीचे सीझन तिकीट दरवर्षी विकत घेण्याचा हक्क मिळतो. तिकीट मात्र त्या रकमेत येत नाही. ते दर हंगामाला वेगळे, पूर्ण किमतीला घ्यावे लागते, आणि कोणालाच फारसे पाहायचे नसलेले सरावाचे सामनेही त्यात गळ्यात पडतात. एका वर्षी घेतले नाही तर हक्कावर पाणी सोडायची वेळ येते. पागडीच्या भाडेकरूमागे भाडे नियंत्रण कायदा उभा असतो, त्यामुळे भाडे मालकाच्या लहरीवर वाढत नाही. खुर्चीच्या बाबतीत दर ठरवणारा संघमालकच आणि नियम लिहिणाराही तोच. पागडीत भाडेकरूच्या सोयीचे जे काही आहे ते सारे वगळले की हा व्यवहार उरतो.

या हक्काची किंमत उतरणीला लागली, यात नवल नाही. न्यूयॉर्कजवळचे जायंट्स आणि जेट्स या दोन संघांचे नवे मैदान 2010 मध्ये उघडले. जायंट्सने एका खुर्चीच्या हक्काला एक हजारापासून वीस हजार डॉलरपर्यंत दर लावला. जेट्सला तर पहिला हंगाम सुरू होण्याआधीच हजारो खुर्च्यांचे दर कमी करावे लागले. ज्यांनी मूळ दराने हक्क घेतले त्यांतल्या अनेकांना पुढे ते पडत्या भावात विकावे लागले. सेंट लुईसची गोष्ट याहून बोलकी आहे. लॉस एंजलिसचा रॅम्स संघ 1995 मध्ये त्या शहरात आला तेव्हा हजारो रहिवाशांनी असे हक्क विकत घेतले. 2016 मध्ये मालकाने संघ उचलून परत लॉस एंजलिसला नेला. खुर्च्या जागच्या जागी राहिल्या आणि खेळ निघून गेला. हक्कधारकांना कोर्टाची पायरी चढावी लागली आणि शेवटी तडजोडीत रकमेचा काही भाग परत मिळाला. ज्या वस्तूची किंमत तिसऱ्याच माणसाच्या एका निर्णयाने शून्यावर येऊ शकते, तिला मालमत्ता म्हणणे धाडसाचे आहे.

मैदानातल्या जागेवरचा हक्क आणि त्यावरून होणारी भांडणे महाराष्ट्राला मात्र अमेरिकेच्या कितीतरी आधीपासून परिचयाची आहेत. आपल्याकडे ती क्रिकेटच्या मैदानावर झाली. क्रिकेट क्लब ऑफ इंडियाची स्थापना 1933 ची. अँथनी डिमेलो यांच्या पुढाकाराने या क्लबने मुंबईत बॅकबेच्या भराव घातलेल्या जमिनीवर स्टेडियम बांधले, त्याला गव्हर्नर लॉर्ड ब्रेबॉर्न यांचे नाव दिले, आणि 1937 च्या डिसेंबरात तिथे खेळ सुरू झाला. त्याच वर्षी बॉम्बे जिमखान्यावर होणारी चौरंगी स्पर्धा पंचरंगी होऊन या नव्या मैदानावर आली, आणि प्रेक्षकांच्या जागा आपल्या वाट्याला पुरेशा आल्या नाहीत म्हणून हिंदू जिमखान्याने संघच उतरवला नाही. स्टेडियमच्या पहिल्याच हंगामात एक बलाढ्य संघ बाहेर राहिला, तो खेळपट्टीवरून किंवा पंचावरून नव्हे, खुर्च्यांच्या वाटपावरून.

पुढची साडेतीन दशके हाच वाद वेगळ्या नावांनी चालू राहिला. मैदान क्लबचे, सामने भरवण्याची जबाबदारी बॉम्बे क्रिकेट असोसिएशनची, आणि तिकिटांचा वाटा किती यावर दोघांचे कधीच जमले नाही. 1973 च्या फेब्रुवारीत इंग्लंडविरुद्धची कसोटी झाली आणि ब्रेबॉर्नवरचे कसोटी क्रिकेट थांबले. असोसिएशनचे अध्यक्ष शेषराव वानखेडे तेव्हा विधानसभेचे अध्यक्षही होते. त्यांनी चर्चगेटजवळ, ब्रेबॉर्नपासून एक किलोमीटरच्या आत, सुमारे तेरा महिन्यांत वानखेडे हे दुसरे स्टेडियम उभे केले. 1975 च्या जानेवारीत तिथे वेस्ट इंडीजविरुद्ध पहिली कसोटी झाली आणि क्लाइव्ह लॉइडने नाबाद 242 धावा केल्या. एका शहरात इतक्या जवळ दोन कसोटी मैदाने असण्याचे क्रिकेटच्या दृष्टीने काहीच कारण नव्हते. खुर्च्या वाटण्याचा अधिकार कोणाकडे, एवढ्या एका प्रश्नातून हे दुसरे मैदान जन्माला आले. पुढे पुण्यातही नेहरू स्टेडियमवर महापालिका आणि महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशन यांच्यात तिकिटांवरून खटके उडाले, आणि असोसिएशनने गहुंज्याला स्वतःचे मैदान बांधले. ते 2012 मध्ये उघडले.

एवढ्या भांडणांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. खुर्चीच्या हक्काची किंमत खुर्चीत कधीच नव्हती. ती होती टंचाईत आणि वाटणाऱ्याच्या हातात. 2011 च्या विश्वचषकाचा अंतिम सामना हा त्याचा ठळक पुरावा. नूतनीकरणानंतर वानखेडेची क्षमता सुमारे 33 हजारांवर आली होती, आणि सर्वसामान्यांना विक्रीसाठी उरली ती जेमतेम चार हजार तिकिटे. बाकीची संलग्न क्लब, आयसीसी आणि इतर हक्कदारांत वाटली गेली. मुंबईच्या संघटनेशी तीनशेहून अधिक क्लब संलग्न आहेत. क्लबाकडे संघटनेच्या निवडणुकीतले मत आणि सामन्याची तिकिटे हे दोन्ही असतात, आणि त्यांतली एक गोष्ट दुसरीला टिकवून धरते. अशा व्यवस्थेत खुर्ची बाजारभावाने मोजली जात नाही, ती संबंधांनी मोजली जाते.

आता या टंचाईलाच ओहोटी लागली आहे. आयपीएलच्या प्रक्षेपण हक्कांसाठी 2018 ते 2022 या पाच वर्षांत 16,347 कोटी रुपये मोजले गेले. 2023 ते 2027 साठी ती रक्कम 48,390 कोटींवर गेली. एका सामन्याची प्रक्षेपणाची किंमत शंभर कोटींच्या पुढे गेली की तीस-चाळीस हजार खुर्च्यांचा गल्ला खेळाच्या अर्थकारणात दुय्यम ठरतो. मैदानात बसलेला प्रेक्षक उत्पन्नापेक्षा दूरदर्शनच्या चित्रात आवाज आणि रंग भरण्यासाठी जास्त हवा असतो. दुसरीकडे सामन्यांची संख्या वाढली. पूर्वी मुंबईत एखाद्या हिवाळ्यात एक कसोटी व्हायची, म्हणून त्या पाच दिवसांची खुर्ची मौल्यवान होती. आता संघ घरच्या मैदानावरच हंगामात सात साखळी सामने खेळतो, आणि तिकीट फोनवरून एकेका सामन्याचे काढता येते. चांगला सामना तेवढा निवडून घेणे शक्य झाले की सगळा हंगाम एकगठ्ठा घेण्याच्या हक्काला पूर्वीची किंमत राहत नाही.

आणि तो सामना तरी त्याच मैदानावर होईल याची खात्री कुठे आहे? 2009 मध्ये अख्खी आयपीएल दक्षिण आफ्रिकेत गेली, 2020 मध्ये संयुक्त अरब अमिरातीत. 2016 च्या एप्रिलमध्ये मराठवाडा दुष्काळाने होरपळत होता, लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागत होते, आणि मुंबई उच्च न्यायालयाने 30 एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवण्याचा आदेश दिला. पुण्याच्या संघाचे राहिलेले घरचे सामने विशाखापट्टणमला झाले. त्या वर्षी जालन्यात टँकरची वाट पाहणाऱ्याला त्याबद्दल हळहळ वाटण्याचे कारण नव्हते, आणि न्यायालयाचा रोखही योग्य होता. पण गहुंज्याच्या खुर्चीचा हक्क किती पातळ पायावर उभा आहे ते त्यातून दिसले. दोन वर्षांनी कावेरीच्या आंदोलनामुळे चेन्नईचे सामने याच गहुंज्याला आले. पुणे वॉरियर्सचा करार 2013 मध्ये संपुष्टात आला, रायझिंग पुणेचा संघ 2016 आणि 2017 असे दोनच हंगाम खेळला, आणि आपल्याकडच्या फुटबॉलमधला एफसी पुणे सिटी 2014 मध्ये सुरू होऊन 2019 मध्ये बंद झाला, त्याची जागा हैदराबादने घेतली. दहा वर्षांत एकाच शहरातून तीन संघ गेले. पुण्यात कोणी खुर्चीची पागडी विकली असती, तर घेणारा तीनदा बुडाला असता.

यावर पहिला आक्षेप असा येईल की मोठ्या सामन्याचे तिकीट आजही ब्लॅकने कैक पटींत जाते, मग मागणी घटली कशी म्हणता? मागणी घटलेली नाही, ती एकेका सामन्यात गोळा झाली आहे. अंतिम सामन्याची खुर्ची महाग होते तेव्हाच आठवड्याच्या मधल्या वारी होणाऱ्या साध्या सामन्याची खुर्ची रिकामी असते. कायम हक्क घेणारा दोन्ही प्रकारच्या सामन्यांची जोखीम उचलतो, तर हवे तेव्हा तिकीट काढणारा फक्त पहिल्याची किंमत देतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. शिकागो आणि पिट्सबर्गच्या संघांचे खुर्ची-हक्क मूळ दराच्या कितीतरी वर विकले गेले आहेत. हे खरे आहे. पण तिथे मूळ दर कमी होते, संघांची शहराशी बांधिलकी जुनी आहे, आणि मैदान भरलेले असण्याची परंपरा आहे. सगळीकडे तशी स्थिती गृहीत धरून दर लावले, की न्यूयॉर्कचा अनुभव येतो. तिसरा आक्षेप असा की आगाऊ पैसे घेतल्याशिवाय स्टेडियम उभे कसे राहील? हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर ब्रेबॉर्नच्याच कहाणीत आहे.

क्रिकेट क्लब ऑफ इंडियाने सभासदांच्या पैशावर मैदान उभारले. 1973 नंतर त्या सभासदांची कसोटी क्रिकेटची मेजवानी बंद झाली, आणि तिथे पुढची कसोटी झाली ती थेट 2009 च्या डिसेंबरात, श्रीलंकेविरुद्ध, ज्यात सेहवागने 293 धावा केल्या. मधली 36 वर्षे कसोटी नव्हती. केवळ खुर्चीचा हक्क असता, तर तो सेंट लुईससारखा मातीमोल झाला असता. तसे झाले नाही. ते सभासदत्व आजही सर्वसामान्यांच्या आवाक्याबाहेर आहे, कारण त्यात वर्षभर वापरता येणारा क्लब आहे, आणि क्लबाचा कारभार कोणी पाहायचा हे ठरवणारे मत आहे. हीच या हक्काची खरी कसोटी: सामना गेला तरी हातात काय उरते? ब्रेबॉर्नच्या सभासदाकडे संस्था उरली, अमेरिकेतल्या हक्कधारकाकडे पावती. गंमत म्हणजे 2018 च्या ऑक्टोबरमध्ये वेस्ट इंडीजविरुद्धचा एकदिवसीय सामना फुकट पासांचा वाद आणि मुंबई संघटनेतली प्रशासकीय अडचण यांमुळे वानखेडेवरून ब्रेबॉर्नवर हलवला गेला. ज्या तिकीटवादाने चार दशकांपूर्वी खेळ तिथून नेला होता, त्याच जातीच्या वादाने तो काही तासांसाठी परत आणला.

जालना जिल्ह्यासाठी या साऱ्याचा अर्थ वेगळा आहे. इथून मुंबई रेल्वेने चारशे किलोमीटरहून दूर. 30 डिसेंबर 2023 ला सुरू झालेल्या वंदे भारतने प्रवास सुखाचा केला तरी रात्रीच्या सामन्यानंतर मुक्काम टळत नाही. इथल्या माणसाने हंगामभराची खुर्ची घेणे म्हणजे तिकिटाइतकाच पैसा वाटेत घालणे. या जिल्ह्याचे क्रिकेटशी नाते प्रेक्षक म्हणून नाही, खेळाडू म्हणून जुळले आहे: 2014 च्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकात भारताचे नेतृत्व करणारा विजय झोल जालन्याचा. कारभाराच्या दृष्टीने जिल्हा पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनकडे येतो, आणि जिल्ह्याचे वजन पडायचे असेल तर ते त्या संघटनेच्या बैठकीत पडायला हवे, गहुंज्याच्या एखाद्या स्टँडमध्ये नव्हे. उद्या मराठवाड्यात मोठे मैदान बांधायचे ठरले आणि त्यासाठी लोकांकडून आगाऊ रक्कम मागितली गेली, तर चार गोष्टी लेखी असाव्यात: पैसे भरणाऱ्याला संस्थेत मत, सामने नसताना मैदान वापरण्याची मुभा, हक्क दुसऱ्याला देण्याचे स्वातंत्र्य, आणि संघ गेला तर रक्कम परत करण्याचे बंधन. यांतली पहिली अट सर्वांत महत्त्वाची, कारण मत हातात असले की उरलेल्या तीन मागता येतात. ती नाकारणारा कोणीही भांडवल मागत नसतो. तो आपली जोखीम प्रेक्षकाच्या खिशात ढकलत असतो. अशा वेळी हव्या त्या एका सामन्याचे तिकीट काढणे शहाणपणाचे, आणि उरलेला पैसा जिल्ह्यातल्या पोरांच्या खेळपट्टीवर लागला तर तो वाया गेला असे कोणी म्हणणार नाही.