सात शब्दांचा वाद

इस्लामी राजकारणाचा विषय निघाला की आपल्याला इराण, इजिप्त नाहीतर पाकिस्तान आठवतो. जगात सर्वाधिक मुसलमान राहतात तो इंडोनेशिया चर्चेत क्वचितच येतो. तिथली सुमारे ८७ टक्के प्रजा मुसलमान आहे, तरीही देश इस्लामी राज्य झाला नाही. हे कसे घडले, ते नीट समजून घ्यायला हवे.

सुरुवात बाजारपेठेत झाली. जावा बेटावरच्या सोलो शहरातले बाटिक कापडाचे व्यापारी एकीकडे चिनी व्यापाऱ्यांच्या स्पर्धेने आणि दुसरीकडे डच सत्तेने जेरीस आले होते. त्यांच्या संघटनेतून १९१२ मध्ये ‘सरेकत इस्लाम’ उभी राहिली आणि काही वर्षांतच तिचे सभासद लाखांत मोजले जाऊ लागले. तेव्हा ‘आम्ही मुसलमान’ याचा अर्थ बव्हंशी ‘आम्ही इथले, या मातीतले’ असा होता. संघटनेचे नेते चोक्रोअमिनोतो यांच्या सुराबायातल्या घरी विद्यार्थिदशेतले सुकार्नो राहत असत. पुढे कार्तोसुविर्यो नावाच्या तरुणाने चोक्रोअमिनोतोंचा सचिव म्हणून काम केले. या कार्तोसुविर्योंनी १९४९ मध्ये पश्चिम जावात इस्लामी राज्य पुकारले आणि तेरा वर्षे सशस्त्र बंड चालवले. १९६२ मध्ये त्यांना मृत्युदंड देण्यात आला, तेव्हा राष्ट्राध्यक्षपदी सुकार्नो होते. दोघेही एकाच नेत्याच्या हाताखाली घडले होते.

खरा पेच घटनेच्या मसुद्यात होता. जून १९४५ मधल्या जकार्ता सनदेत मुसलमानांवर शरीयत पाळण्याचे बंधन घालणारे कलम होते. इंडोनेशियन भाषेत ते अवघ्या सात शब्दांचे. १७ ऑगस्टला स्वातंत्र्याची घोषणा झाली आणि दुसऱ्याच दिवशी ते सात शब्द गाळले गेले. पूर्वेकडची ख्रिस्ती वस्तीची बेटे फुटून निघतील, ही भीती सुकार्नोंचे सहकारी मोहम्मद हत्ता यांनी मुस्लीम नेत्यांपुढे मांडली. मुहम्मदिया संघटनेचे की बागुस हादिकुसुमो सहजासहजी राजी झाले नाहीत. अखेर देश एकत्र राहावा म्हणून त्यांनी मान्यता दिली. मला हा त्याग फार मोठा वाटतो.

१९५५ च्या निवडणुकीत माश्युमी या इस्लामी पक्षाला सुमारे २१ टक्के, तर ‘नहदलतुल उलेमा’ या पारंपरिक धर्मगुरूंच्या संघटनेला १८ टक्के मते मिळाली. लहान पक्ष धरूनही इस्लामी पक्षांची बेरीज ४४ टक्क्यांपर्यंतच पोहोचली. १९६० मध्ये सुकार्नोंनी माश्युमीवर बंदी घातली. सुकार्नोंनंतर सत्तेवर आलेल्या सुहार्तोंनी १९७३ मध्ये उरलेले इस्लामी पक्ष ‘पीपीपी’ या एकाच पक्षात कोंबले. १९८४ मध्ये नहदलतुल उलेमाने पक्षीय राजकारणातून अंग काढून घेतले. त्या वर्षी तिचे नेतृत्व अब्दुर्रहमान वाहिद यांच्याकडे आले. तेच पुढे १९९९ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. या माघारीनंतर पीपीपीची मते १९८२ च्या २८ टक्क्यांवरून १९८७ मध्ये १६ टक्क्यांवर घसरली. गावोगावच्या मदरशांतले कियाई, म्हणजे धर्मगुरू, पक्षामागे उभे राहिनात, तेव्हा पक्षाचे खरे बळ उघड झाले.

सुहार्तो सत्तेवरून गेल्यावर ते सात शब्द घटनेत परत आणण्याची मागणी झाली. २००२ मध्ये ती फेटाळली गेली आणि मुहम्मदिया व नहदलतुल उलेमा या दोन्ही बलाढ्य धार्मिक संघटना तिच्या विरोधात होत्या. माझ्या मते याचे कारण त्यांच्या कामात आहे. मुहम्मदिया हजारो शाळा, शंभराहून अधिक उच्चशिक्षण संस्था आणि रुग्णालये चालवते. ज्यांचा धर्म समाजात असा पाय रोवून उभा आहे, त्यांना तो टिकवायला पोलीस आणि न्यायालय लागत नाही.

तरीही चित्र निर्धोक नाही. २०१६ मध्ये जकार्ताचे ख्रिस्ती, चिनी वंशाचे गव्हर्नर आहोक यांनी कुराणातल्या एका आयतीचा उल्लेख केला. भाषणाची काटछाट केलेली चित्रफीत समाजमाध्यमांवर पसरली. २ डिसेंबरला त्यांच्या निषेधार्थ लाखो लोक राष्ट्रीय स्मारकाभोवती जमले. दोन्ही संघटना अधिकृतपणे त्यात उतरल्या नाहीत, पण त्यांचे अनेक सदस्य गेले. आहोक निवडणूक हरले आणि मे २०१७ मध्ये त्यांना धर्मनिंदेसाठी दोन वर्षांची शिक्षा झाली. हा अन्याय होता. त्यांच्या भाषणाला धर्मनिंदा ठरवणाऱ्या उलेमा परिषदेचे प्रमुख मारूफ अमीन २०१९ मध्ये उपराष्ट्राध्यक्ष झाले. त्यांना उमेदवारी दिली होती आहोक यांचेच जुने सहकारी, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो यांनी.

सुहार्तोंच्या काळात सरकारी शाळांत हिजाबला मनाई होती. ती १९९१ मध्ये उठली आणि आज हिजाब रस्तोरस्ती दिसतो. इस्लामी म्हणवणाऱ्या पक्षांची मते मात्र १९५५ च्या ४४ टक्क्यांपुढे गेली नाहीत. २०२४ मध्ये त्या सर्वांना मिळून सुमारे ३० टक्के मते पडली आणि पीपीपी पहिल्यांदाच चार टक्क्यांची अट न गाठता संसदेबाहेर गेला.