गाडीच्या पोटात : क्लचला ग्रीस किती?

गेल्या आठवड्यात आपण गिअरबॉक्स उतरवला, जुनी क्लच प्लेट काढली आणि फ्लायव्हील तपासलं. आज नवा सेट बसवायचा. त्यात सगळ्यात कमी वेळ लागतो तो ग्रीस लावायला, आणि सगळ्यात कमी लक्षही तिथेच दिलं जातं.

क्लचला काय सोसावं लागतं, याच्या उदाहरणाला पेण तालुक्यातलं जिते घेऊ. पनवेलहून निघालेला मुंबई-गोवा महामार्ग कर्नाळ्याची खिंड उतरतो, खारपाड्याला पाताळगंगा ओलांडतो आणि जित्यावरून पेणकडे जातो. गणपतीच्या आधी हमरापूर-जोहे पट्ट्यातून मूर्ती भरलेले टेम्पो याच रस्त्याने मुंबईला निघतात. चतुर्थीच्या तोंडावर चाकरमान्यांच्या गाड्या उलट दिशेने कोकणात उतरतात. मूर्तीला धक्का बसू नये म्हणून टेम्पोवाला हाफ क्लचवर गाडी काढतो. कोंडीतला चाकरमानी तासन्‌तास पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये पेडल दाबत-सोडत राहतो. वर रायगडचा ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस आणि खाडीची खारी हवा. उष्णता, घर्षण आणि गंज, तिन्ही एकाच क्लचच्या वाट्याला.

क्लच प्लेटच्या मधल्या हबला आतून दाते असतात. ते इनपुट शाफ्टच्या दात्यांवर, म्हणजे स्प्लाइनवर बसतात. पेडल दाबलं की प्रेशर प्लेटची पकड सुटते आणि क्लच प्लेटने शाफ्टवर अगदी किंचित सरकून फ्लायव्हीलपासून मोकळं व्हायचं असतं. तिला मागे ओढणारं दुसरं काही नसतं. दाते गंजलेले असले की ती जागीच अडकते, फ्लायव्हीलला चाटून फिरत राहते आणि रिव्हर्स टाकताना ‘खर्रर्र’ आवाज येतो. दोष मात्र गिअरबॉक्सवर जातो.

म्हणून स्प्लाइन आधी ब्रशने घासून कोरड्या पुसाव्यात. क्लचसाठीचं, उष्णता सोसणारं ग्रीस बोटाने पातळ पसरावं. नवी प्लेट हबला धरून शाफ्टवर दोन-चारदा पुढे-मागे सरकवावी आणि बाहेर काढावी. हबच्या दोन्ही तोंडांशी ग्रीसची कड साचलेली दिसेल. ती सगळी फडक्याने पुसून टाकायची. दात्यांच्या खाचेत ग्रीसचा थर दिसता कामा नये, बोट फिरवलं तर नुसतं ओशट लागावं. काही प्लेट्सच्या हबला निकेलचा मुलामा असतो आणि त्यांना ग्रीस लावूच नये असं उत्पादक सांगतात, तेव्हा खोक्यातला कागद आधी वाचावा.

एवढी कंजुषी का? इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असताना मध्यापासून दहा सेंटिमीटरवर, म्हणजे लायनिंगच्या पट्ट्यात, बाहेर फेकणारा जोर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे हजारपट असतो. हबवरचं जादा ग्रीस तापून पातळ झालं की सरळ लायनिंगवर जातं. मग उचल घेताना गाडी थरथरते, चढाला इंजिन नुसतं ओरडतं आणि जळका वास येतो. तेल प्यायलेली प्लेट पुसून सुधारत नाही, बदलावीच लागते. त्यासाठी गिअरबॉक्स पुन्हा उतरवायचा, मजुरी पुन्हा द्यायची. टेम्पोवाल्याचा ऐन हंगामातला दिवस जातो तो वेगळाच. गनमधलं चॅसीचं ग्रीस इथे वापरूच नये, असं माझं ठाम मत आहे.

पेडलचा जोर रिलीज बेअरिंगपर्यंत नेणारा फोर्क ज्यावर हलतो तो गोळा आणि फोर्क जिथे बेअरिंगला टेकतो ती टोकं, इथे मात्र धातूवर धातू भार घेऊन घासतो. तिथे टिकलीएवढं ग्रीस हवंच. ते विसरलं की पेडल जड होतं आणि कुरकुरतं. बेअरिंग स्वतः सीलबंद असतं. ते पेट्रोल-डिझेलमध्ये धुतलं तर आतलं वंगण निघून जातं.

फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटचा घासणारा चेहरा ब्रेक क्लीनरने पुसावा, कारण नव्या प्रेशर प्लेटला गंज टाळण्यासाठी तेलाचा हात दिलेला असू शकतो. घंटीतली, म्हणजे बेल हाउसिंगमधली, जुनी धूळ हवेच्या पाइपने उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं आणि ते फुफ्फुसात जातं. ओलं फडकं वापरा.

गिअरबॉक्स चढवताना त्याचं वजन क्षणभरही शाफ्टवर लटकू देऊ नका; हब वाकला की ग्रीसचा उपयोग नाही. आणि चढवण्याआधी क्रँकचं मागचं व गिअरबॉक्सचं पुढचं ऑईल सील पाहाच. ती गळत असतील तर आत्ताच बदला, नाहीतर आज राखलेलं लायनिंग महिन्याभरात तेलात भिजेल. पेडलचा फ्री प्ले पुढच्या आठवड्यात.