ध्वनिग्राहक, मंद्रस्वरी वाद्यांचा

खालच्या सप्तकातील स्वर देणारी वाद्ये व मोठी तालवाद्ये यांच्या ध्वनिमुद्रणास विशेष सोयीचा असा मायक्रोफोन. व्हिएन्ना येथील एकेजी या कंपनीने १९५३ मध्ये प्रचारात आणलेला डी-१२ हा या प्रकाराचा प्रातिनिधिक नमुना होय. हृदयाकृती दिशिकता (समोरचा ध्वनी प्रामुख्याने घेण्याचा व मागचा टाळण्याचा गुणधर्म) असलेल्या आरंभीच्या गतिक ध्वनिग्राहकांत त्याची गणना होते. आता त्याचे उत्पादन होत नाही आणि सुस्थितीतील नग दुर्मिळ झाले आहेत.

रचना व कार्य : गतिक ध्वनिग्राहकात एका पातळ पटलाला तारेचे हलके वेटोळे जोडलेले असते व ते चुंबकीय क्षेत्रात टांगलेले असते. ध्वनीमुळे पटल हलले की वेटोळेही हलते आणि विद्युत् चुंबकीय प्रवर्तनाने त्यात सूक्ष्म विद्युत् दाब निर्माण होतो. ही रचना दणकट असल्याने ढोलासारख्या वाद्याजवळील तीव्र ध्वनिदाब ती सहज सोसते.

पटलाची केवळ पुढची बाजू उघडी ठेवल्यास सर्व दिशांचा ध्वनी जवळजवळ सारखाच घेतला जातो. दिशिकता आणण्यासाठी पटलाच्या मागील बाजूसही ध्वनीला वाट ठेवतात व तेथे त्याला किंचित विलंब लावतात. त्यामुळे पाठीमागून येणारा ध्वनी पटलाच्या दोन्ही बाजूंस एकाच वेळी पोहोचतो आणि त्याचा परिणाम नाहीसा होतो. मात्र याच योजनेने मंद्र स्वरांची हानी होते. डबल बास या तंतुवाद्याच्या सर्वांत खालच्या मोकळ्या तारेची कंप्रता (दर सेकंदास होणारी कंपने) सुमारे ४१ हर्ट्झ असते व तिच्या ध्वनीची तरंगलांबी ८ मी. हून अधिक भरते. एवढ्या लांब तरंगाच्या बाबतीत काही सेंमी. अंतरावरील पुढच्या व मागच्या दाबांत अत्यल्प फरक राहतो, त्यामुळे पटल क्षीणपणे हलते.

ही उणीव भरून काढण्यासाठी डी-१२ च्या पेटीत एक पोकळ कप्पा ठेवलेला आहे. त्यातील हवेच्या अनुस्पंदनामुळे साधारणपणे ६० ते १२० हर्ट्झ या पट्ट्यातील ध्वनीला उठाव मिळतो. शिवाय ध्वनीचा उगम अगदी जवळ असल्यास पटलाच्या पुढील बाजूवरचा दाब मागील बाजूपेक्षा बराच अधिक असतो व मंद्र स्वर आणखी ठळक होतात. यास सान्निध्य परिणाम म्हणतात. वाद्यापासून काही सेंमी. वर ठेवलेल्या डी-१२ मध्ये हे दोन्ही परिणाम एकत्र येतात. त्याचा भरदार नाद पुष्कळांना प्रिय असला, तरी तो सर्वस्वी वाद्याचा नसतो, हे ध्यानात ठेवावे लागते.

इतिहास : रूडोल्फ गोरिके व एर्न्स्ट प्लेस यांनी १९४७ मध्ये एकेजी कंपनी स्थापन केली. डी-१२ चा निकटचा भाईबंद असलेला डी-२० हा ध्वनिग्राहक लंडनच्या ॲबी रोडवरील ईएमआय कंपनीच्या स्टुडिओत वापरात होता. १९६६ मध्ये बीटल्स या वाद्यवृंदाच्या ध्वनिमुद्रणात जेफ एमरिक या अभियंत्यांनी पायाने वाजवावयाच्या ढोलात लोकरी स्वेटर भरून त्याचा घुमारा आवरला व ध्वनिग्राहक ढोलाच्या अगदी जवळ आणला. या निकट मुद्रणाची पद्धत पुढे सर्वत्र रूढ झाली. १९८० च्या दशकात डी-१२ ची जागा डी-११२ ने घेतली. व्हिएन्नातील कारभार २०१७ मध्ये बंद झाला.

भारतीय तालवाद्ये : १९०२ मध्ये कलकत्त्यास गोहर जान यांचे गायन मुद्रित झाले, त्या काळी ध्वनी कर्ण्यातून थेट सुईपर्यंत पोहोचविला जाई. मंद्र स्वर त्यात फारसे उमटत नसत, म्हणून त्या काळच्या तबकड्यांत डग्ग्याचे काम नीट ऐकू येत नाही. १९२५ पासून पाश्चात्त्य देशांत व नंतर भारतात विद्युत् ध्वनिमुद्रण सुरू झाल्यावर ही मर्यादा कमी होत गेली.

तबला व मृदंग यांच्या पुडीवरील शाईमुळे त्यांचे उपस्वर मूळ स्वराशी सुसंवादी होतात, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० मध्ये व पुढे १९३४ मध्ये दाखवून दिले. पखवाजाच्या डाव्या मुखावर ओली कणीक थापून त्याचा स्वर उतरवितात. डग्ग्यावर तळहाताचा दाब कमीअधिक करून वादक स्वर चढवितो किंवा उतरवितो. हा स्वर पुष्कळदा वर सांगितलेल्या पट्ट्यात वा त्याच्या आसपास असतो. त्यामुळे एकाच पट्ट्याला उठाव देणाऱ्या ध्वनिग्राहकासमोर वादकाने समान जोराने काढलेली घसीट मध्येच फुगल्यासारखी व पुढे ओसरल्यासारखी मुद्रित होण्याचा संभव असतो. पाश्चात्त्य ढोलाचा एकच ठोका घ्यावयाचा असतो, तेथे हा गुण ठरतो. डग्ग्याच्या बाबतीत तोच दोष ठरू शकतो. संबळ, ढोलकी यांसारख्या लोकवाद्यांचे मुद्रण अभ्यासासाठी जतन करावयाचे असल्यास समप्रतिसादी ध्वनिग्राहक काही अंतरावर ठेवणे अधिक विश्वसनीय होय.

जुन्या नगांची पारख : पटल वाकणे, चुंबकाच्या फटीत लोहकण अडकणे, वेटोळ्याची तार तुटणे हे नेहमीचे दोष होत. कित्येक नगांचा आतला भाग बदललेला असतो. यामुळे एकाच नावाचे दोन नग भिन्न नाद देतात. म्हणून केवळ नावावर किंवा वयावर विसंबू नये. ज्याचा प्रतिसाद मोजलेला आहे अशा ध्वनिग्राहकाशी तुलना करून पाहावी आणि मुद्रणाच्या नोंदीत ध्वनिग्राहकाचा प्रकार व वाद्यापासूनचे अंतर अवश्य लिहावे. अशी नोंद नसल्यास पुढील काळातील श्रोता उपकरणाचा नाद हाच वाद्याचा नाद समजेल.