ऑन्ले : दाढेचे आंशिक आवरण

किडीने पोखरलेल्या, झिजलेल्या अथवा तडकलेल्या दाढेचा चावण्याचा पृष्ठभाग आणि त्यावरील एक वा अधिक उंचवटे झाकून दाढेला पूर्ववत आकार व बळ देणारे, तोंडाबाहेर तयार करून नंतर दाढेवर पक्के बसविले जाणारे पूरण म्हणजे ‘ऑन्ले’ होय. उंचवट्यांच्या आत, दाढेतील खळग्यातच बसणाऱ्या अशा पूरणाला ‘इन्ले’ म्हणतात, तर दाढेचा हिरडीवरील भाग चहूबाजूंनी वेढणाऱ्या आवरणाला ‘क्राउन’ किंवा व्यवहारात ‘कॅप’ म्हणतात. ऑन्लेचे स्थान या दोहोंच्या मधले आहे. दाढेचा जेवढा भाग नष्ट किंवा दुर्बल झाला असेल तेवढाच बदलावा व निरोगी भाग शक्य तितका राखावा, हे या पद्धतीमागील तत्त्व आहे.

दाढेची रचना व बलहानी : दाढेचे बाह्य कवच म्हणजे दंतवल्क. त्यात वजनाने सु. ९६ टक्के खनिज द्रव्य असते, त्यामुळे ते शरीरातील सर्वांत कठीण ऊतक ठरते. परंतु ते ठिसूळही असते. त्याखालील दंतिन तुलनेने मऊ व किंचित लवचिक असून दंतवल्काला आधार देते. दंतिनाच्या आत रक्तवाहिन्या व तंत्रिका असलेला दंतमगज असतो [⟶ दात]. चावताना दाढांवर ५० ते ७० किग्रॅ. वजनाइतका भार येऊ शकतो. दाढेवरील उंचवटे हा भार पेलतात आणि दोन उंचवट्यांना जोडणाऱ्या कडा त्यांना फाकू देत नाहीत. कीड दोन दाढांमधील फटीतून आत शिरली म्हणजे प्रथम या कडाच नष्ट होतात. १९८९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रायोगिक अभ्यासात असे आढळले की, मुळांतील नलिकांवर उपचार करण्यासाठी केवळ वरून छिद्र पाडल्यास दाताचा ताठपणा सु. ५ टक्क्यांनी घटतो. दोन्ही बाजूंच्या कडा कापून खळगा केल्यास मात्र तो सु. ६३ टक्क्यांनी घटतो. ‘रूट कॅनाल’ केल्याने दाढ कमकुवत होते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः तिला कमकुवत करणारी मुख्य गोष्ट म्हणजे आधीच झालेला कडांचा नाश होय.

अशा दाढेत चांदी व पारा यांचे मिश्रण किंवा तत्सम पूरण नुसते भरले, तर खळगा भरून निघतो. पण सुट्या पडलेल्या भिंती एकत्र बांधल्या जात नाहीत. प्रत्येक घासागणिक त्या किंचित फाकतात व कालांतराने एखादा उंचवटा तुटतो. कित्येकदा तुटण्यापूर्वी बारीक तडा जातो. चावताना, विशेषतः चावा सोडताना, क्षणभर कळ येणे हे त्याचे लक्षण होय. तडा मुळापर्यंत उभा गेल्यास दाढ काढण्यावाचून बहुधा उपाय राहत नाही. उंचवट्यांवरून जाणारे ऑन्ले भिंतींना वरून कवेत घेते व भार सर्व दाढेवर विभागते. भरलेली दाढ आणि गमावलेली दाढ यांतील अंतर पुष्कळदा या एका निर्णयावर अवलंबून असते.

इतिहास : अमेरिकन दंतवैद्य विल्यम एच. टॅगर्ट यांनी १९०७ मध्ये न्यूयॉर्क येथील दंतवैद्यांच्या सभेत सोन्याची ओतीव पूरणे करण्याची पद्धत मांडली आणि आधुनिक इन्ले-ऑन्लेचा पाया घातला गेला. त्यांनी या पद्धतीचे एकस्व घेतले होते. परंतु आयोवा राज्यातील बी. एफ. फिलब्रुक यांनी १८९७ मध्येच तशी पद्धत वर्णिली असल्याचे न्यायालयात पुढे आल्यावर ते टिकले नाही.

या पद्धतीचे मूळ तत्त्व भारतीय कारागिरांना फार प्राचीन काळापासून अवगत होते. मेणाची प्रतिकृती करून ती मातीने लिंपावयाची, तापवून मेण वितळवून काढावयाचे आणि राहिलेल्या पोकळीत धातुरस ओतावयाचा, या क्रियेला संस्कृतात ‘मधूच्छिष्ट-विधान’ असे नाव असून कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास या बाराव्या शतकातील ग्रंथात तिचे वर्णन आहे. नागपुरातील इतवारीचा सराफा बाजार किंवा अशा कोणत्याही सराफ पेठेतील ओतारी घडवणूक याच तत्त्वावर चालते. दंतवैद्याला मात्र एक अडचण विशेष जाणवते. वितळलेले सोने गोठून थंड होताना सु. दीड टक्का आकसते. अंगठीत एवढा फरक चालून जातो. दाढेवरील पूरण मात्र तेवढ्याने बसेनासे होते. त्यासाठी मेणाभोवती ओतावयाच्या जिप्समयुक्त लेपात तापल्यावर प्रसरण पावणारी सिलिका घालतात. साच्याचे प्रसरण व सोन्याचे आकुंचन एकमेकांना छेद देतात आणि पूरण मूळ मापाचे उतरते.

दुसरे परिवर्तन चिकटविण्याच्या तंत्रात झाले. १९५५ मध्ये मायकेल ब्यूनोकोर यांनी फॉस्फोरिक अम्लाने दंतवल्क खरबरीत केल्यास त्यावर रेझीन घट्ट धरते, असे दाखविले. १९६० नंतरच्या दशकात राफाएल बोवेन यांच्या संशोधनातून मिश्र रेझिने उपलब्ध झाली. १९८३ च्या सुमारास पोर्सलीनची आतील बाजू हायड्रोफ्ल्युओरिक अम्लाने खरबरीत करून ती दाताशी जोडण्याची रीत पुढे आली. १९८५ मध्ये झुरिक येथे व्हेर्नर मोरमान व मार्को ब्रांडेस्टिनी यांच्या यंत्राने दाढेची प्रतिमा घेऊन पोर्सलीनच्या ठोकळ्यातून पूरण कोरून प्रथमच रुग्णाला बसविण्यात आले.

साहित्य : (१) सुवर्ण मिश्रधातू : दागिन्यांचे २२ कॅरट सोने ऑन्लेसाठी फार मऊ ठरते. त्यामुळे सु. तीन चतुर्थांश सोने आणि उरलेले चांदी, तांबे, पॅलॅडियम व जस्त अशी कठीण मिश्रधातू वापरतात. ती तुटत नाही, पातळ थरातही टिकते, समोरच्या दाताला फारशी झिजवीत नाही आणि तिच्या कडा घासून दाताशी अगदी नेमक्या मिळविता येतात. नीट केलेले सोन्याचे ऑन्ले काही दशके टिकते. तिचा पिवळा रंग व सोन्याची किंमत यांमुळे तिचा वापर घटला आहे. (२) मृत्तिका पदार्थ : पोर्सलीन, ल्यूसाइटयुक्त काच आणि २००५ नंतर प्रचारात आलेले अधिक बळकट लिथियम डायसिलिकेट यांचा रंग दातासारखा असतो. ते ठिसूळ असल्याने त्यांना सर्वसाधारणपणे १ ते २ मिमी. जाडी द्यावी लागते व त्यांचे बळ चिकटवणीच्या दर्जावर अवलंबून असते. अनेक पाहण्यांत दहा वर्षांनंतर दहांपैकी सु. नऊ पूरणे जागेवर आढळली आहेत. (३) मिश्र रेझीन : हे स्वस्त असून तुटल्यास दुरुस्त करता येते, परंतु ते लवकर झिजते व त्याचा रंग पालटतो.

पद्धती : प्रथम दाढेचे क्ष-किरण चित्र घेऊन कीड किती खोल गेली आहे, मुळांच्या टोकांशी दाह आहे काय व हिरडीच्या खाली किती भाग शाबूत आहे हे पाहतात. जागा बधिर करून जुने पूरण व कीड काढून टाकतात. उरलेल्या प्रत्येक भिंतीची जाडी आणि तिच्याखालील दंतिनाचा आधार तपासून कोणता उंचवटा ठेवावयाचा व कोणता उतरवावयाचा हे ठरवितात. चर्वणाचा मुख्य भार खालच्या दाढांच्या गालाकडील व वरच्या दाढांच्या टाळूकडील उंचवट्यांवर येतो. म्हणून ते अधिक, सोन्यासाठी सु. १·५ मिमी., उतरवितात, इतर उंचवटे सु. १ मिमी. उतरविले तरी पुरते. खळग्याच्या भिंती वरच्या दिशेने किंचित फाकलेल्या ठेवतात. अन्यथा बाहेर तयार केलेले पूरण आत जाणार नाही. सोन्यासाठी हे फाकणे अल्प ठेवतात, कारण घर्षणानेच त्याची पकड होते. मृत्तिका पदार्थांसाठी ते थोडे अधिक ठेवतात आणि आतील कोपरे गोलसर करतात. कारण तीक्ष्ण कोपऱ्यापाशी ताण एकवटून पूरण तडकते.

त्यानंतर रबरासारख्या पदार्थाने ठसा घेतात किंवा सूक्ष्म कॅमेऱ्याने दाढेची त्रिमितीय प्रतिमा घेतात. पूरण तयार होईपर्यंत, साधारणपणे एक-दोन आठवडे, दाढेवर ॲक्रिलिकचे तात्पुरते आवरण बसवितात. यंत्राने कोरावयाचे पूरण मात्र एकाच भेटीत बसविता येते. सोन्याचे ऑन्ले सिमेंटने बसवितात. मृत्तिकेचे ऑन्ले बसविताना दाढेभोवती रबराचा पडदा ताणून लाळ दूर ठेवतात. पूरणाची आतील बाजू हायड्रोफ्ल्युओरिक अम्लाने व दाढ फॉस्फोरिक अम्लाने खरबरीत करतात. पूरणाला सिलेन व दाढेला आसंजक लावून रेझीन सिमेंट निळ्या प्रकाशाने घट्ट करतात. लाळेचा अल्पसा स्पर्शही ही पकड बिघडवू शकतो. शेवटी रंगीत कागद चाववून जेथे अधिक भार पडतो तो ठिपका घासून काढतात.

क्राउनशी तुलना : पूर्ण क्राउनसाठी दाढ चहूबाजूंनी तासावी लागते, मृत्तिकेच्या किंवा धातू-मृत्तिकेच्या क्राउनमध्ये दाढेच्या दृश्य भागाचा सु. दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश अंश जातो. ऑन्लेत निरोगी बाजू राहतात, कडा बहुधा हिरडीपासून दूर असल्याने स्वच्छता सोपी होते आणि पुढे गरज पडल्यास क्राउनचा मार्ग मोकळा राहतो. उलटपक्षी, दाढेचा बहुतेक भाग नष्ट झाला असेल, कडा हिरडीच्या खाली खोल गेली असेल किंवा चिकटविण्यासाठी दंतवल्कच उरले नसेल, तर क्राउन अधिक भरवशाचा ठरतो. सोपे म्हणून क्राउन करणे जितके अयोग्य, तितकेच अपुऱ्या आधारावर ऑन्लेचा आग्रह धरणेही अयोग्य होय.

विदर्भातील विशेष प्रश्न : इतवारी व तिला लागून असलेला मस्कासाथ या भागांत किराणा, मसाले व सुपारी यांचा घाऊक व्यापार दीर्घकाळ होत आला आहे. बारीक सुपारी, तंबाखू व चुना एकत्र घोटून केलेला ‘खर्रा’ नागपूर व विदर्भात सर्वत्र खाल्ला जातो. कठीण सुपारी दिवसचे दिवस चघळल्याने दाढांचे उंचवटे झिजून सपाट होतात, दंतिन उघडे पडते, थंड-गरम झोंबते आणि दाढांना तडे जातात. अशा दाढांना ऑन्लेची गरज असते. पण ज्या सवयीने दाढ झिजली, तीच सवय मृत्तिकेच्या ऑन्लेलाही फोडते. तेथे सोने किंवा अन्य धातू अधिक सुरक्षित ठरते.

याहून गंभीर परिणाम तोंडाच्या अस्तरावर होतो. सुपारीने गालांच्या व टाळूच्या अस्तराखाली तंतुमय पट्टे निर्माण होऊन ते कडक होते. मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्ये या विकाराचे वर्णन केले. तोंड हळूहळू कमी उघडते आणि काही रुग्णांत पुढे कर्करोग उद्भवतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीला, तीत तंबाखू नसली तरीही, मानवात कर्करोग घडविणाऱ्या पदार्थांत स्थान दिले. निरोगी प्रौढाचे तोंड सामान्यतः ३५ मिमी.हून अधिक, म्हणजे स्वतःची तीन बोटे एकावर एक धरून आत जातील एवढे उघडते. ते दोन बोटांवर आले की मागच्या दाढेपर्यंत वेधन-उपकरण, ठशाचा साचा किंवा कॅमेरा नेणे दुष्कर होते आणि एरव्ही वाचू शकणारी दाढ गमवावी लागते. म्हणून अशा रुग्णात दाढेच्या उपचाराआधी सवय सोडविणे व अस्तराची तपासणी करणे यांना अग्रक्रम असतो.

चंद्रपूर व यवतमाळ जिल्ह्यांच्या काही भागांत भूजलात फ्ल्युओराइड अधिक आहे. बालपणी असे पाणी प्यायल्याने दंतवल्कावर पांढरे-तपकिरी डाग व खड्डे पडतात. अशा दंतवल्काचा बाह्य थर अम्लाला सहज दाद देत नाही. त्यामुळे चिकटविण्यापूर्वी तो हलकेच घासावा किंवा अम्ल अधिक वेळ ठेवावे लागते.

दाढ राखून उपचार करण्याचे हे शास्त्र दंतवैद्यकाच्या पदवी अभ्यासक्रमाचा भाग आहे. महाराष्ट्रात नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय मुंबईत १९३३ मध्ये, तर नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय १९६८ मध्ये स्थापन झाले [⟶ दंतवैद्यक].

निगा : ऑन्ले स्वतः किडत नाही; मात्र त्याच्या व दाताच्या सांध्यापाशी नवी कीड लागू शकते. दिवसातून दोनदा फ्ल्युओराइडयुक्त पेस्टने दात घासणे, दोन दातांमधील फट दोऱ्याने स्वच्छ करणे, सुपारी, बर्फ व हाडे न फोडणे आणि नियमित तपासणी करून घेणे आवश्यक असते. झोपेत दात खाण्याची सवय असल्यास रात्री संरक्षक पट्टी वापरावी लागते. बसविल्यानंतर काही दिवस किंचित झोंबणे स्वाभाविक असते. चावताना ऑन्ले उंच लागत असल्यास मात्र विलंब न करता ते घासून घ्यावे, अन्यथा दाढ दुखरी होऊन तडा जाण्याचा संभव असतो.

कायमची पहिली दाढ वयाच्या सु. सहाव्या वर्षी, एकही दुधाचा दात न पडता, त्यांच्या मागे उगवते. पुष्कळ पालक तिला दुधाचीच दाढ समजून तिच्या किडीकडे दुर्लक्ष करतात. प्रौढपणी मोठ्या दुरुस्तीची पाळी बहुधा याच दाढेवर येते. ती वेळीच ओळखून तिच्या खाचा लेपाने बंद केल्या व लहान कीड लहान असतानाच भरली, तर ऑन्लेची आवश्यकताही पुष्कळ अंशी टळते.