हॅम्लेटचा खापरपणजोबा आला!

२२ एप्रिल २०२२ ला अमेरिकेत ‘द नॉर्थमन’ हा चित्रपट लागला आणि त्याआधी इथे माझी ट्रेलरची पारायणं चालू होती. त्यात होडी वल्हवत एक पोरगं पुटपुटतंय: बापाचा सूड, आईची सुटका, काकाचा खून. ओळखीचं वाटलं ना? बाराशेच्या सुमारास सॅक्सो ग्रामॅटिकसने लिहिलेली ही अ‍ॅम्लेथची कथा. शेक्सपिअरचा हॅम्लेट (म्हणजे आपल्या आगरकरांचं त्याचं मराठी रूपांतर ‘विकारविलसित’सुद्धा) याच कुळातला. दिग्दर्शक रॉबर्ट एगर्स, ‘द विच’ आणि ‘द लाइटहाउस’वाला. पटकथेला जोडीदार आइसलँडचा कवी स्योन. गोष्ट व्हायकिंगांची असली तरी शिंगांची शिरस्त्राणं शोधू नका हं, ती वॅग्नरच्या ऑपेराची देणगी! ट्रेलरमध्ये नायक अलेक्झांडर स्कार्सगार्ड हवेतला भाला झेलून तोच उलटा फेकतो, तिथे मी दर वेळी रिवाइंड करायचो.